पगारेबाईंचा तिसरा खण

आमच्या दैनिकाच्या इमारतीत शिरलं की पगारेबाई आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचं कार्यालय होतं. खाली कापडाचं दुकान, शेजारी भांड्यांचं. मधल्या जिन्यावर पाऊल ठेवलं की वरून खणखणीत आवाज यायचा, "आमचे तीर्थरूप वडील यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." नव्या माणसाला वाटायचं, वर शोकसभा चालू आहे. चपला कुठं काढाव्यात म्हणून तो इकडं तिकडं बघायचा. शोकसभा कसली, पगारेबाई जाहिरात घेत असायच्या.

सुमन पगारे त्यांचं नाव. छोट्या जाहिरातींचा काउंटर त्या सांभाळायच्या. त्याच खोलीत, त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर मी मुद्रितशोधक म्हणून नऊ वर्षं बसले. त्यामुळे बाईंचा चेहरा मला नंतर पाठ झाला. आधी पाठ झाला तो त्यांचा अंबाडा, पाठीवरून ओढून कमरेला घट्ट खोचलेला पदर आणि आवाज. त्या आवाजापुढे माझी दुरुस्तीची कामं रेंगाळायची, आणि याबद्दल मी त्यांच्याकडे दोनदा तक्रारही केली होती. "मंग कानात कापूस घाला की," एवढंच उत्तर मिळालं.

मोठ्यानं वाचणं हा बाईंचा नियम होता. जाहिरात निधनाची असो, वधू पाहिजेची असो की दोन खोल्या भाड्यानं देण्याची, गिऱ्हाइकानं कागद पुढं केला की त्या चष्मा वर सरकवायच्या आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवायच्या. मग विचारायच्या, "हेच म्हणायचंय ना?" घाईतली माणसं वैतागायची. बाई ऐकायच्या नाहीत. "लिहिताना माणूस सोताशीच बोलतो. छापल्यावर अख्ख्या गावाशी. गावाला कसं ऐकू जाईन ते आधी तुम्ही ऐका," असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक गृहस्थ मुलाला घेऊन स्थळाची जाहिरात द्यायला आले. "मुलगा सुस्वरूप, पदवीधर, निर्व्यसनी," बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. मुलाचा गाल तोबऱ्यानं फुगला होता. बाईंनी "निर्व्यसनी" हा शब्द पुन्हा एकदा, जरा सावकाश वाचला. मुलगा खिडकीशी जाऊन थुंकून आला. वडलांनी पेन मागितलं आणि तो शब्द खोडला.

पण बाईंचं वाचणं म्हणजे काही थट्टा नव्हती. टँकरच्या दिवसांतली गोष्ट. शहराला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायची, ती वर्षं. खेड्यातून एक म्हातारी आणि तिची सून आल्या. म्हाताऱ्याला विसरायचा आजार होता, बसस्टँडवर हात सुटला आणि तो हरवला. सुनेनं कागद आणला होता: रंग सावळा, उंची मध्यम, अंगात पांढरा सदरा. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मावशे, असे म्हातारे तर गुलमंडीत आत्ता पन्नास भेटतील. त्यांना हाक काय मारली की ते वळून बघत्यात?"

म्हातारी लाजली. सून म्हणाली, "नावाला तर ओ देतच नायत आता."

"मंग कशाला देत्यात?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावून सांगितलं, "वस्ताद. तरणेपणी कुस्ती खेळायचे."

बाईंनी जाहिरातीत शेवटी ओळ घातली: वस्ताद अशी हाक मारल्यास थांबतात. दोन दिवसांनी हर्सूलच्या टँकरवर रांगेत उभ्या असलेल्या एका बाईनं सहज म्हणून हाक मारून बघितली, आणि रिकामा हंडा डोक्यावर घेऊन उभा असलेला एक म्हातारा छाती काढून वळला. त्याला न्यायला आलेल्या म्हातारीनं पगारेबाईंसाठी बाजरीच्या चार भाकरी आणल्या होत्या. त्या आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत खाल्ल्या.

त्याच वर्षांत शहर चहूबाजूंनी फुगत होतं. प्यायला पाणी नव्हतं आणि प्लॉट मात्र धडाधड विकले जात होते. एक बिल्डर यायचा, हातात गाडीची चावी फिरवत. त्याच्या जाहिरातीत "मुबलक पाणी" असं होतं. बाईंनी वाचलं, "मुबलक पाणी," आणि थांबल्या. "मुबलक म्हणजे किती दिसाआड?"

तो हसला. "मॅडम, ते लिहायचं असतं."

"लिहायचं असतं ते ठीक हाय. पण वाचणारा हंडा घेऊन तुमच्याच दारात येईन ना?"

बिल्डरनं खूप खळखळ केली. शेवटी "मुबलक पाणी" जाऊन "बोअर आहे" एवढंच राहिलं. पुढच्या वर्षी तो आमच्याकडे आलाच नाही. त्याची जाहिरात आमच्या सगळ्यांच्या फोनवर दिसायला लागली, तिच्यात इमारतीपुढं निळाशार पोहण्याचा तलाव होता. बाईंनी माझ्या फोनवर ती बघितली. "इथं मोठ्यानं वाचायला कोणी नाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी फोन परत दिला.

आता तिसऱ्या खणाविषयी सांगते, कारण पगारेबाईंची खरी करामत त्यात होती.

त्यांच्या टेबलाला तीन खण होते. पहिल्यात पावत्या, दुसऱ्यात सुईदोरा, बडीशेप आणि चष्म्याचं घर. तिसऱ्यात एकाच जातीच्या जाहिराती असायच्या. "तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझा मुलगा अमुक हा माझ्या ऐकण्यात नाही. त्याच्याशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही." वर्तमानपत्र नीट वाचणाऱ्यांना ही भाषा माहीत असेल. घरात भांडण झालं, बाप तरातरा उठला, की वकिलाच्या आधी आमच्याकडे यायचा. कधी मुलाला, कधी मुलीला, कधी सख्ख्या भावाला चार ओळींत तोडून टाकायचं असायचं.

बाई ही जाहिरातही मोठ्यानं वाचून दाखवायच्या, हेच म्हणायचंय ना म्हणून विचारायच्या, समोरचा तावातावानं "हेच" म्हणायचा. मग बाई सांगायच्या, "पान भरलं हाय. तीन दिवस लागतील."

पान भरलेलं नसायचं. मी पान तपासायची, मला माहीत होतं. दुष्काळात जाहिरातीही आटल्या होत्या आणि मोकळी जागा भरायला आम्ही सुविचार छापत होतो. बाई कागद तिसऱ्या खणात टाकायच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी तो माणूस परत यायचा. आता तरातरा नाही, जिन्यावरून हळूहळू. काउंटरशी उगाच घुटमळायचा, भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा. "ती आपली... छापली काय हो?"

"नाय अजून. वाचून दाखवू का पुन्हा?"

"नको, नको."

काही जण कागद घेऊन तिथंच फाडायचे. काही जण म्हणायचे, असू द्या तुमच्याजवळ. एक अत्तरवाले मामू आले होते, जावयाशी भांडून मुलीला तोडायला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "आपा, वो कागज गुम गया बोलो ना." बाई म्हणाल्या, "गुम गया, मामू. ढूंढे भी तो नै मिलेगा." मामूंनी त्यांच्या हातावर अत्तराचा फाया ठेवला आणि गेले.

बाई कुणाला उपदेश करत नव्हत्या. मी एकदा म्हटलं, चार समजुतीचे शब्द सांगत जा की. म्हणाल्या, "उपदेश घरी फुकट भेटतो त्यांला. इथं आपल्याकडं दिवस भेटत्यात." आणि चौथ्या दिवशी कुणी येऊन "अजून का नाही आली?" म्हणून विचारलंच, तर त्या ती जाहिरात मुकाट्यानं छापायला द्यायच्या. त्याचं म्हणणं आहे, त्याला छापायचा हक्क आहे, असं त्यांचं साफ मत होतं. पण असे फार थोडे निघायचे.

मग फोनवरचे दिवस आले. भाड्याच्या खोल्या, स्थळं, जुन्या गाड्या, सगळं लोक फोनवरच टाकायला लागले. निधनाच्या बातम्याही पेपर छापून व्हायच्या आत गावभर होऊ लागल्या. आमचे व्यवस्थापक साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांची झोप उडाली होती. त्यांनी व्हॉट्सअॅपचा एक नंबर काढला. यापुढे जाहिरात त्या नंबरावर पाठवा, कार्यालयात यायची गरज नाही. तो फोन आणून त्यांनी पगारेबाईंच्या टेबलावर ठेवला. आम्हाला वाटलं, बाई आता रुसणार.

रुसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. एक दिवस त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "यात बोलता येतं म्हणं?" मी बटण दाखवलं. झालं. त्या दिवसापासून कुणीही जाहिरात पाठवली की बाई ती फोनमध्ये मोठ्यानं वाचून उलट त्यालाच पाठवायच्या, शेवटी "हेच म्हणायचंय ना?" जोडून. लोक चक्रावले. एका मुलानं स्वतःच्या स्थळाची जाहिरात पाठवली होती. त्याचा फोन आला, "अहो मावशी, मी बसमध्ये होतो! स्पीकर चालू राहिला, वय, पगार, सगळं सगळ्या बसनं ऐकलं!" बाई घाबरल्या नाहीत. "मंग कोणी काय म्हणलं?" तो गडी म्हणाला, "मागच्या सीटवरचे एक काका पत्ता विचारत होते."

तोडण्याच्या जाहिरातीही फोनवर यायच्या. बाई त्या वाचून पाठवायच्या आणि पान भरल्याचं सांगायच्या. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर पुष्कळ जण तासाभरात "राहू द्या" असं लिहून पाठवायचे. मला वाटलं, बाईंनी या फोनलाही आपल्या वळणावर आणलं.

तेव्हाच जगतापकाका आले.

जगतापकाका पुंडलिकनगरात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एकुलती एक मुलगी, रेणुका. मी तिला शाळेच्या गणवेशात सायकलवर जाताना पाहिलेलं. तिनं नाशिकला नोकरीतल्या एका मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं, आणि ते घरी आदल्या दिवशी कळलं होतं. काकांनी फोनबिन न करता स्वतः येऊन कागद काउंटरवर ठेवला.

बाईंनी वाचलं. "माझी मुलगी रेणुका हिने आमच्या मनाविरुद्ध परजातीतील इसमाशी विवाह केला असल्याने ती आम्हांस मेली आहे." पुढं त्या मुलाचं पूर्ण नाव होतं. आडनावावरून मुलगा बौद्ध आहे हे कुणालाही कळलं असतं. बाईंनी तेही नाव त्याच आवाजात वाचलं.

"काय कमी केलं व्हतं आम्ही तिला?" काका म्हणाले. "जाऊन जाऊन कुठं गेली, तर असल्या लोकांत..." आणि थांबले. काउंटरवर बाईंच्या नावाची पाटी होती, तिच्यावर त्यांची नजर गेली होती. मी मान खाली घालून समोरचं प्रूफ वाचायला लागले, आणि एक अक्षर डोक्यात शिरेना.

"हेच म्हणायचंय ना?" बाईंनी विचारलं.

"हेच."

"पान भरलं हाय. तीन दिवस लागतील." आणि कागद तिसऱ्या खणात गेला.

काका गेल्यावर मला बाईंना काहीतरी विचारायचं होतं. धीर झाला नाही. त्यांनी डबा उघडला, मला लोणचं दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या पुतण्याचा, सचिनचा फोन आला, जाहिरात का आली नाही म्हणून. बाईंनी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत असताना आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रेणुकाचा फोटो आला. कुठल्या तरी लग्नात हिरवी साडी नेसून हसत असलेला. खाली काकांचाच मजकूर, आणि त्याला सचिननं पदरची चार वाक्यं जोडलेली. ती मी इथं लिहिणार नाही. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. ज्यांनी रेणुकाला कधी पाहिलं नव्हतं ते तिला शिव्या देत होते. नाशिकला तिच्या आणि नवऱ्याच्या कार्यालयातही तो पोचला.

एवढं करून सचिन आमच्या कार्यालयात आला, थेट व्यवस्थापक साहेबांकडे. "जाहिरात मुद्दाम अडवली तुमच्या बाईनं. पोरगा तिच्यातला हाय ना, म्हणून. आम्हाला फोनवर टाकावं लागलं." साहेबांनी बाईंना बोलावलं, आणि तो मजकूर घेताना मी तिथं होते म्हणून मलाही. खरं सांगते, मलाही काका आले त्या दिवशी क्षणभर तसं वाटून गेलं होतं. नऊ वर्षं त्यांच्या पाठीमागे बसूनही वाटलं. त्याची लाज आजही जात नाही.

बाई तशाच वळल्या. परत काउंटरवर गेल्या, तिसऱ्या खणातला कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "असू द्या तुमच्याजवळ" म्हणून लोकांनी ठेवलेले ते कागद. "मी सगळ्यांच्याच ठेवते, साहेब. बघा कुणाकुणाचे हायत."

साहेब एकेक कागद उलटायला लागले. गावातलं एकही आडनाव त्यातून सुटलं नसेल. एका पिवळ्या पडलेल्या कागदाशी ते थबकले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, म्हणून मला दिसलं. थोरल्या भावाला तोडणारी जाहिरात होती आणि खाली सही साहेबांचीच होती. तेव्हा ते वितरण विभागात असावेत.

"म्हणजे त्या दिवशी पान भरलेलं नव्हतं?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी गठ्ठा बंद केला. सचिनला म्हणाले, "बाईंचं काही चुकलेलं नाही. तुम्ही निघा." सचिन धुसफुसत गेला.

मला वाटलं, आता बाई सुटल्या. पण जिन्यावर त्या मध्येच खाली बसल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "मी छापली असती तर सातव्या पानावर चार ओळी आल्या असत्या. फोटू नसता. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात कोणी भजे बांधले असते. मी ठेवली, आन त्या पोरीच्या तोंडावर अख्खं गाव सोडलं."

"तुम्ही नेहमीसारखंच केलं ना?"

"तेच तर चुकलं. खण माझ्याकडं, तवा दिवस माझ्याकडं. आता त्यांच्या खिशात छापखाना हाय. मला कळाया पाहिजे व्हतं."

नोकरी जाण्याची भीती त्यांच्या बोलण्यात नव्हती. त्यांना एकच लागलं होतं, की त्या मुलीला घरी यायचा रस्ता राहिला नाही, आणि तो आपल्या हातून बुजला. रविवारी त्या माझ्या घरी आल्या. "जगतापांचं घर दाखवा," म्हणाल्या. मी म्हटलं, ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत. "नाय करू द्या. दार तर बघू," म्हणाल्या.

त्या दिवशी गल्लीला पाणी होतं. जो तो नळी धरून उभा. जगतापकाका अंगणात ड्रम भरत होते. आम्हाला पाहून त्यांनी नळी खाली ठेवली. रागावले असतील असं वाटलं होतं, पण चेहरा उतरलेला होता.

"सचिनला काढाया लावलं मी ते," ते आपणहून म्हणाले. "तिकडून काढलं तर इकडून येतं. आमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर काल एकानं मला शाबासकी दिली. म्हणं, बाप असावा तर असा. कोण कुठला माणूस, माझ्या पोरीला रांड म्हणतो आन मला हार घालतो!" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मंग तुमचं म्हणणं लिहून द्या," बाई म्हणाल्या.

"कुठं? फोनवर? तिथं शिवी वाचाया सगळे थांबत्यात, माघार वाचाया कोण थांबन?"

"पेपरात द्या. छापलेल्याचा फोटू काढून लोक फोनवर फिरवत्यात की. मला रोज येत्यात."

काकांनी ड्रमाच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं. तीनदा खोडलं. बाईंनी तिथंच, पाण्याच्या घाईगर्दीत, मोठ्यानं वाचलं. शेजारीपाजारी नळ्या धरून ऐकत होते. "माझी मुलगी रेणुका हिच्याविषयी माझ्या नावाने फिरत असलेला मजकूर मी रागाच्या भरात लिहिला होता. तो मी मागे घेत आहे. रेणुका माझी मुलगी आहे. घर तिचे आहे."

"आन जावई?" काकूंनी दारातून विचारलं.

काकांनी नळी उचलली. नळ बंद करायला वळले. बाईंनी जोर केला नाही. जेवढं म्हणायचंय तेवढंच, असं म्हणून त्यांनी कागदाची घडी पिशवीत घातली.

ही जाहिरात बाईंनी एक तासही ठेवली नाही. थेट पान लावणाऱ्याच्या हातात दिली आणि तो लावेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मी चार वेळा प्रूफ वाचलं. सकाळी बाईंनीच त्या चार ओळींचा फोटो काढून पहिल्यांदा मला पाठवला, मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, आणि तो चालायला लागला. आधीचा मजकूर जिथं जिथं गेला होता तिथं सगळीकडे हा पोचला, असं काही मी म्हणणार नाही. शिवीचे पाय लांब असतात. पण नाशिकला पोचला. दिवाळीला रेणुका घरी आली. ती आली की अमोल, म्हणजे तिचा नवरा, तिला कोपऱ्यावर सोडून मित्राकडे जाऊन बसायचा. घरात त्याला कुणी या म्हटलं नव्हतं, आणि तोही आपणहून गेला नाही. असं दीड-दोन वर्षं चाललं.

त्यानंतर आमचा काउंटर बंद करायचं ठरलं. जाहिराती आता पुण्याहून एका कंपनीमार्फत फोनवर घेतल्या जाणार होत्या. साहेबांनी हे सांगताना बाईंकडे बघायचं टाळलं. बाईंनीच त्यांना चहा पाजला. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट सांगते आणि थांबते, कारण त्यानंतर मी त्यांना कामावर पाहिलं नाही. आता त्या हर्सूलला मुलाकडे असतात.

सकाळी अकराची वेळ. सचिन आला, मागे रेणुका. दोघांचे डोळे सुजलेले. जगतापकाका आदल्या दिवशी गेले होते, महिनाभर दवाखान्यात होते. सचिननं काउंटरवर फोन ठेवला. "ग्रुपवर टाकलंय सगळीकडं," तो बाईंकडे न बघता म्हणाला. "पण काकू म्हणती, पेपरात आल्याबिगर तिला खरं वाटनार नाय."

बाईंनी कोरा कागद पुढं केला. सचिननं फोनवरून बघून लिहिलं. बाईंनी वाचलं, निधन, अंत्यविधी, राख सावडणं, आणि शेवटी, "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, पुतणे असा परिवार आहे."

वाचून झाल्यावर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कागद हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. रेणुका फरशीकडे बघत होती. सचिननं बाईंच्या हातातून कागद काढून घेतला.

"एक राहिलं," तो म्हणाला. आणि "मुलगी"च्या पुढं, दोन शब्दांच्या मधे, ओळीच्या वर, त्यानं लिहिलं: जावई अमोल. लिहिताना रेणुकाला म्हणाला, "दवाखान्यात काकाला उठवायचं, बसवायचं, सगळं त्यानंच केलं. मी कुठं व्हतो? शेवटच्या दिसांत काका त्यालाच हाक मारू लागले व्हते."

रेणुकानं तोंडावर ओढणी धरली. मग म्हणाली, "ताई, तो खाली गाडीपाशी उभा आहे. त्याला बोलावू का? त्याच्यासमोर वाचा."

ती जिना उतरून गेली. अमोल वर आला, दाराशी चपला काढायला वाकला, आणि सचिन त्याला म्हणाला, "असू दे, ये."

पगारेबाईंनी पदर खांद्यावरून पुढं घेतला, खुर्ची मागं सरकवली आणि उभ्या राहिल्या. कागद दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला, आणि खालच्या कापडाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.